कटिंग खरं, साल जुनं : दहावीच्या वर्गातलं कापसाचं एक प्रकरण

हे प्रकरण नोव्हेंबर 2025 चं आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या पट्ट्यातल्या एका गावात मी दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवतो, वर्गात जवळपास सगळी पोरं कास्तकाराच्या घरची. माध्यम साक्षरता शाळेत नेमकी शिकवायची कशी हे बरेच शिक्षक विचारत असतात, म्हणून एकच प्रकरण घेऊन सुरुवातीपासून जे जे झालं ते इथं लिहितो, त्यातून कोणाला आपल्या वर्गासाठी काही घेता आलं तर घ्यावं.

आधी त्या वेळची परिस्थिती सांगावी लागेल, कारण गावाच्या ग्रुपवर कापूस खरेदी बंद झाल्याचा जो मेसेज फिरला त्यावर लोकांचा विश्वास का बसला हे तिच्यातच आहे. त्या साली पाऊस लांबला, कापूस ओला झाला, वेचणी उशिरा सुरू झाली. त्यात केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टपासून काढून टाकलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. बाजारात व्यापारी हमीभावाच्या खालीच मागत होते. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला 8110 आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये क्विंटल, पण तो भाव द्यायचा तो सीसीआयनं, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळानं, आणि सीसीआयला कापूस द्यायचा तर त्या हंगामापासून 'कपास किसान' नावाच्या मोबाईल ॲपवर नोंदणी. त्यासाठी सातबारा पाहिजे, आधार पाहिजे, ओटीपी येईल असा चालू नंबर पाहिजे, नोंदणीची मुदत वाढून झालेली आणि तरी अर्ध्या गावाची नोंदणी बाकी. घरोघरी हे ॲप चालवत होतं कोण, तर आमचीच आठवी-नववी-दहावीची पोरं. बाप म्हणणार "पाय बरं काय म्हणते ते" आणि पोरगं वाचून दाखवणार. म्हणजे गावात बातमी घरात शिरते ती बऱ्याचदा पोराच्या तोंडून, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अशात एका संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपरच्या कटिंगचा फोटो आला. मथळा ठळक, "सीसीआयची कापूस खरेदी बंद", खाली बातमीच्या चार-पाच ओळी आणि तिथंच फोटो कापलेला. वर तारीख नाही, पेपरचं नाव नाही, बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख असते तो डेटलाईनवाला भाग नाही. फोटोसोबत कोणीतरी टाईप केलेलं, की ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांनी लवकर विकून मोकळं व्हा, पुढं कोणी विचारणार नाही, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पाठवा.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, माया बापानं काल रात्रीच कापूस देऊन टाकला." मी विचारलं काऊन, तर म्हणे "कटिंग आलं होतं ना ग्रुपवर." मग आणखी दोघा-तिघांनी सांगितलं की त्यांच्याही घरी तेच बोलणं चालू आहे, व्यापाऱ्याची गाडी आज येणार आहे. धडा बाजूला ठेवला. कारण धडा तरी कोणता होता, इतिहासाच्या पुस्तकातला 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हा पाचवा धडा आमचा होऊन गेलेला, त्यात दर्पण 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलं, 1877 मध्ये दीनबंधू कृष्णराव भालेकरांनी काढलं, हे सगळं पोरांनी पाठ केलेलं. आता खरोखरचं वर्तमानपत्र समोर आलेलं होतं आणि त्यापायी घरातला पैसा गेला होता.

पहिलं काम मी हे केलं की त्या पोराला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या घरचं वर्गात बोललेलं चालेल का. तो म्हणाला चालेल, पण बापाला कोणी हसू नये. हे मी वर्गाला स्पष्ट सांगितलं. ज्या माणसानं भीतीपोटी माल विकला तो अडाणी नाही, त्याच्यासमोर जे आलं ते छापलेलं होतं, आणि छापलेल्यावर विश्वास ठेवायला आपणच लोकांना शंभर-दीडशे वर्षं शिकवलं आहे. शाळेत असे विषय घेताना आईबापांची लाज निघाली की पोरं पुढच्या वेळी तोंडच उघडत नाहीत.

मग मी फळ्यावर फक्त एक प्रश्न लिहिला : या कटिंगबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे?

सगळ्यात आधी जे शब्द आले ते म्हणजे "सर, फेक आहे." दुसरा म्हणे "फेक कसं, पेपरचं कागद दिसून राहिलं ना, मागची छपाईबी दिसते." आणि दुसऱ्याचं बरोबर होतं. माध्यम साक्षरतेच्या ट्रेनिंगमध्ये आपल्याला जे शिकवतात ते जास्त करून बनावट फोटो, एआयचे व्हिडिओ, मॉर्फिंग वगैरे, आणि ते लागतंच, पण खेड्यात रोज जे नुकसान होतं ते खऱ्याच गोष्टीनं होतं जी जुनी असते, दुसऱ्या गावची असते, किंवा अर्धी कापलेली असते. पोरांच्या डोक्यात खरं आणि फेक असे दोनच डबे असले की असं कटिंग खऱ्याच्या डब्यात जाऊन बसतं, कारण कागद खरा, शाई खरी, पेपरही खरा.

एकानं माझ्या फोनवर गुगल लेन्स, म्हणजे फोटोवरून शोध घेणारं ॲप, लावून पाहिलं. काही निघालं नाही. नेटवर्क आमच्या शाळेत तसंही पाण्याच्या टाकीजवळ गेलं तरच येतं, पण नेटवर्क असूनही निघालं नसतं, कारण जिल्हा पुरवणीतली चार इंचांची बातमी इंटरनेटवर त्या रूपात सापडत नाही आणि मोठ्या फॅक्टचेक संस्था अशा बारक्या गोष्टीपर्यंत पोचतही नाहीत. पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्टचेक युनिट 2019 पासून आहे, केंद्र सरकारच्या निर्णयांबद्दल खोटं फिरलं तर त्याचा उपयोग होतो, पण आमच्या तालुक्यातलं एक कापूस खरेदीचं सेंटर आज चालू आहे का हे तिथून कळायचं नाही. म्हणून मी पोरांना म्हटलं मोबाईल ठेवा, फोटो मोठा करून फळ्याशेजारच्या टीव्हीवर लावू आणि फक्त कटिंगमध्ये काय काय दिसतं ते बघू, एक-एक अक्षर.

इथं वर्ग खरा जागा झाला. पाचेक मिनिटं नुसती शांतता, मग दुसऱ्या रांगेतली एक पोरगी, एरवी विचारल्याशिवाय न बोलणारी, म्हणाली, "सर, याच्यात हमीभाव 7521 लिवला हाय. औंदा तर 8110 हाय ना?"

बस. कटिंगच्या तिसऱ्या ओळीत होतं ते, सगळ्यांनी वाचलेलं, माझ्याही नजरेखालून गेलेलं. 7521 हा 2024-25 च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव. त्याच्या आधीच्या साली 7020 होता. म्हणजे बातमी मागच्या हंगामातली, त्याच्या आधीचीही नाही आणि यंदाची तर नाहीच. तिला हे कसं दिसलं तर घरी ॲपवर नोंदणी तिनंच केली होती, आकडा डोक्यात बसलेला होता.

मग पोरं कडेकडेनं शोधायला लागली. फोटोच्या उजव्या अंगाला शेजारच्या कॉलमचे अर्धे-अर्धे शब्द आले होते, त्यात "मतदा" आणि खाली "उमेदवा" असं. एक गट लगेच म्हणाला हे तर यंदाच्या नगरपरिषदेचं, 2 डिसेंबरला मतदान आहे ना. दुसऱ्या गटानं आणखी खालची ओळ दाखवली, तिथं "विधानस" एवढं दिसत होतं. विधानसभेचं मतदान झालं 20 नोव्हेंबर 2024 ला. दोन वेगवेगळ्या खुणा एकाच सालाकडे बोट दाखवत होत्या.

त्या क्षणी मी त्यांना त्याच धड्यातली हिटलरच्या रोजनिशांची गोष्ट परत काढायला लावली. जर्मनीतल्या स्टर्न साप्ताहिकानं हिटलरच्या म्हणून रोजनिशा भरपूर पैसे मोजून घेतल्या, 1983 मध्ये छापायला घेतल्या आणि थोड्याच दिवसात त्या नकली निघाल्या. पुस्तकात ते थोडक्यात आहे, पोरं परीक्षेत "माध्यमांतली माहिती तपासून घ्यावी" असं लिहून मोकळी होतात. पण त्या पकडल्या गेल्या कशा? एक मोठं कारण कागदच होतं, त्यात पांढरेपणासाठी घातलेलं रसायन युद्धानंतरच्या काळातलं निघालं, हिटलर तर 1945 मध्येच मेलेला. म्हणजे वस्तूच्या आतच तिचं वय लपलेलं असतं. आमच्या कटिंगमध्ये कागद बोलला नाही, आकडा बोलला. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून "म्हणजे हमीभाव म्हणजे आपलं केमिकल होय सर" असं आलं आणि मला तो धडा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोचल्यासारखा वाटला.

पण जुनं आहे एवढं कळून भागत नाही. मागच्या साली बंद झाली तशी यंदाही बंद झालेली असू शकते ना? हा प्रश्न पोरांनीच काढला आणि तो फार बरोबर होता. त्यामुळं दोन वेगळी कामं ठरली. एक, मूळ बातमी पूर्ण वाचायची. दोन, आज सेंटर चालू आहे का हे जाग्यावरून विचारायचं. दुसरं सोपं निघालं, एका पोराचा मामा त्याच दिवशी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर जिथं सीसीआयची खरेदी चालते, गाडी घेऊन रांगेत उभा होता, त्याला फोन लावला तर म्हणे "चालू हाय, पण नंबर लय मांगं हाय." तरी मी म्हटलं एकाच माणसावर थांबायचं नाही, बाजार समितीत फोन करा, तिथूनही तेच कळलं.

पहिल्या कामासाठी शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोन पोरी आणि एक पोरगा माझ्यासोबत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आले, घरच्यांना विचारून. तिथं मराठी पेपरच्या फायली महिन्यानुसार दोरीनं बांधून ठेवतात, धूळ भरपूर पण क्रम पक्का. नोव्हेंबर 2024 चा गठ्ठा उघडला, मतदानाच्या आसपासचे अंक चाळले आणि बातमी सापडली. पूर्ण बातमी अशी की मतदानामुळं आणि जिनिंगमध्ये माल ठेवायला जागा नसल्यानं एका केंद्रावरची खरेदी दोन दिवस बंद राहील, त्यानंतर नियमित सुरू होईल. ते केंद्रही आमचं नव्हतंच, दुसऱ्या तालुक्यातलं. "दोन दिवस" आणि केंद्राचं नाव हे दोन्ही बरोबर त्या भागात होते जो फोटोत कापला गेला होता. त्या तिघांनी बातमी वहीत हातानं उतरवून घेतली, तारीख, पान क्रमांक, कॉलम सगळं लिहून. वाचनालयातले काका इतके खुश झाले की त्यांनी स्वतःहून जुने गठ्ठे काढून दाखवले, म्हणे पेपर वाचायला येतात ते सगळे म्हातारे, पोरं येतच नाहीत. माध्यमांचा अभ्यास करायचा तर तालुक्याचं वाचनालय ही फुकटची प्रयोगशाळा आहे आणि आपण तिला हात लावत नाही.

सोमवारी वर्गात हे सगळं मांडलं आणि लगेच वेगळंच वळण लागलं. पोरं चिडली होती. दोघांनी तर मेसेज टाईप करून आणला होता की अमक्या व्यापाऱ्यानंच ही अफवा पसरवली, त्याच्यावर बहिष्कार टाका. मी विचारलं पुरावा काय? तर फायदा त्याचाच झाला ना सर. ग्रुपवर फोटो कोणी टाकला हे त्यांनी शोधलं होतं, गावातल्याच एका माणसानं टाकलेला, त्याला पाहुण्यांच्या ग्रुपवरून आलेला, पाहुण्याला आणखी तिसऱ्या तालुक्यातून. तिथं दोर तुटला. खूप वेळा पुढं गेलेल्या मेसेजवर येतो तो फॉरवर्डचा दुहेरी बाणही दिसत नव्हता, कारण मध्ये कोणीतरी फोटो फोनमध्ये सेव्ह करून नव्यानं टाकला होता आणि असं केलं की व्हॉट्सॲपला तो नवीन फोटोच वाटतो.

मी त्यांना राईनपाड्याचं सांगितलं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाईलवर फिरत होती आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या काळात देशभर जो मुलं पळवण्याचा व्हिडिओ फिरत होता तो मुळात पाकिस्तानात कराचीला बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधला, शेवटी मोटरसायकलवाले पोराला परत आणून सोडतात आणि बोर्ड दाखवतात, तो शेवट कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आमच्या कटिंगचाही शेवट कापलेला होता. आणि आता पुराव्याशिवाय एका माणसाचं नाव गावाच्या ग्रुपवर टाकलं तर आपण काय करतो आहे, हे मी विचारलं तेव्हा तो मेसेज त्यांनी माझ्यासमोर डिलीट केला. एक जण मात्र नाराजच राहिला, त्याचं म्हणणं की मग व्यापारी सुटलाच ना. मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. कटिंग जुनं आहे हे आपण सिद्ध करू शकतो, कोणी मुद्दाम पसरवलं हे करू शकत नाही, आणि जेवढं सिद्ध होतं तेवढंच बोलायचं. हे पोरांना पटायला आकडा शोधण्यापेक्षा कितीतरी जड गेलं, आणि माझ्या मते पूर्ण प्रकरणातला हाच खरा धडा.

आता गावाला सांगायचं कसं? पहिला मसुदा होता लाल अक्षरात "खोटी बातमी" आणि मधोमध तेच कटिंग. मी म्हटलं घरी दाखवून बघा आधी. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली, "बुढा म्हणते पेपरात आलं तर खोटं कसं असन", आणि एका आजीनं तर नुसता मथळा पाहून परत विचारलं, "मंग बंदच हाय म्हना खरेदी?" म्हणजे दुरुस्तीच्या मेसेजनंच अफवा परत सांगितली. मग ठरलं की कटिंग परत दाखवायचंच नाही, आधी खरं काय ते सांगायचं. आणि लिहायचं तर नाहीच, कारण ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यातले बरेच जण वाचत नाहीत, ऐकतात. हमीभावाचा आकडा पकडणाऱ्या त्याच पोरीच्या आवाजात व्हॉईस नोट केली, आपल्या बोलीत :

"राम राम, मी दहावीतली पोरगी बोलून राहिली. सीसीआयचं सेंटर चालू हाय, आज सकाळीच इचारलं. ग्रुपवर जे पेपराचं कटिंग आलं ते मांगच्या सालच्या विधानसभेच्या मतदानाच्या टायमाचं हाय, त्याच्यात हमीभाव 7521 लिवला हाय, औंदा 8110 हाय, तुमीच पाहून घ्या. तवा बी खरेदी दोनच दिवस बंद होती. कापूस इकायच्या आधी सेंटरवर नाहीतर बाजार समितीत एक फोन करून घ्या. कोनाच्या ॲपची नोंदनी राहिली असन तर शाळेत या, आमी मदत करतो."

ही नोट फिरली. "तुमीच पाहून घ्या" या तीन शब्दांचं काम मोठं होतं, कारण लोकांना आमच्यावर विश्वास ठेवायला सांगितलं नव्हतं, त्यांच्याच फोनमधल्या कटिंगमध्ये आकडा बघायला सांगितलं होतं. दोन-तीन घरांनी व्यापाऱ्याची गाडी परत पाठवली हे नक्की माहीत आहे, त्यापुढचं मी सांगू शकत नाही.

ज्याच्या बापानं कापूस विकला त्या पोरानं वर्गात नुकसानीचा हिशोब स्वतः मांडला. 14 क्विंटल, भाव मिळाला 6900. पोरं लगेच 8110 वजा 6900 करायला लागली, पण तो म्हणाला नाही, आपल्या कापसात ओलावा 11 च्या आसपास होता. सीसीआय 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्याच्यावर दर टक्क्याला भाव एक टक्का कमी, आणि 12 च्या वर गेलं तर घेतच नाही. म्हणजे 3 टक्के कापून 7866 रुपये 70 पैसे. फरक क्विंटलमागे 966 रुपये 70 पैसे, एकूण साडेतेरा हजारांच्या वर, त्यातून गाडीभाडं आणि रांगेतले दिवस वेगळे वजा करायचे. हा हिशोब बरोबर मांडणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुकसान फुगवून सांगितलं असतं तर तीही एक अर्धी बातमीच झाली असती.

त्याच्या बापाला मी भेटलो. ते रागावले नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "सर, कटिंग जुनं हाय हे समजलं असतं तरी मी काय केलं असतं? सातबारा बाबाच्या नावानं, बाबाचा आधार दुसऱ्याच नंबरले जोडला, ओटीपीच येत नाही." दुसऱ्या वेचणीचा कापूसही त्यांनी व्यापाऱ्यालाच दिला. हे मी वर्गात लपवलं नाही. बातमी तपासता येणं हे एक, आणि तपासल्यावर दुसरा रस्ता मोकळा असणं हे दुसरं, ते शाळेच्या हातात नाही. व्हॉईस नोटमध्ये नोंदणीच्या मदतीचं जे वाक्य होतं त्यापायी मात्र आठवडाभर मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमपाशी कास्तकार येत राहिले, काहींचं झालं, ज्यांचा आधारच अडकलेला त्यांचं नाही झालं.

शिकवण्यात मी जे बदललं ते थोडक्यात. आता वर्गात कुठलाही मेसेज आला की खरं-खोटं हा प्रश्न शेवटी येतो, आधी कधीचं, कुठलं, आणि कापलं कुठं हे तीन. प्रत्येकानं वहीत महिन्याला एक कटिंग चिकटवायचं, तारीख आणि पेपरचं नाव दिसेल असं कापून, म्हणजे नीट कापलेलं कटिंग कसं असतं ते हातालाही कळतं. जाहिरात बातमीच्या रूपात छापलेली असते ती ओळखण्याचा एक तास घेतला, त्यात पोरं पटकन तयार झाली. यूट्यूबवरच्या गावठी न्यूज चॅनलचं अजून घ्यायचं आहे.

डिसेंबरच्या चाचणीत मी एक कटिंग दिलं, पीकविम्याचं, मथळा घाबरवणारा, आणि विचारलं की घरी हे आलं तर तू आधी काय बघशील. निम्म्याहून जास्त पोरांनी तारीख आणि गाव शोधलं, काहींनी विम्याच्या हप्त्याचा आकडा यंदाशी जुळवून पाहायला पाहिजे असं लिहिलं. सात-आठ जणांनी "फेक असू शकते" एवढंच लिहून सोडून दिलं, त्यांच्यासोबत जानेवारीत, बोर्डाच्या सरावाआधी, परत बसायचं ठरवलं आहे.